मगरीचा गुन्हा काय?

श्रोतेहो, नमस्कार. माणूस आणि निसर्ग नैतिकदृष्ट्या एकाच तोलाचे मानायचे का? हा विषय निघाला की मला व्हॅल प्लमवुड आठवतात.

प्लमवुड ऑस्ट्रेलियातल्या तत्त्वज्ञ. १९८५चा फेब्रुवारी महिना. पावसाळ्यामुळे पाणी चढलेलं, आणि काकाडू राष्ट्रीय उद्यानात त्या छोट्या होडीतून एकट्याच निघालेल्या. पुढे पाण्यावर एक काटकी तरंगताना दिसली. जवळ गेल्यावर पाहतात तर त्या काटकीला डोळे! मगर. तिनं होडीला धडका द्यायला सुरुवात केली. बाईंनी काठावरच्या झाडाकडे झेप घेतली, तेवढ्यात मगरीनं त्यांना जबड्यात धरलं, पाण्याखाली नेलं आणि गरगरा फिरवलं. एकदा नव्हे, तीनदा! अखेर पकड सुटली. चिखलात बोटं रुतवत त्या काठ चढल्या. पाय फाटलेला, तरी कित्येक तास चालत, मग सरपटत राहिल्या. वनरक्षकाला सापडल्या तेव्हा रात्र झाली होती.

आणि आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी जाऊन मगर मारायची, असं बोलणं सुरू झालं. बाईंनी कडाडून विरोध केला. मगरीच्या घरात शिरले ती मी, मग शिक्षा तिला का?

इथं मला राहवत नाही म्हणून सांगतो. टीव्हीवर मगर दिसली की भेसूर संगीत वाजवतात, ते बंद व्हायला हवं. पोट भरणाऱ्या प्राण्याला खलनायक करणं हा अन्याय आहे.

तर, समान म्हणजे काय? जगण्याचं मोल समान. कर्तव्यं मात्र समान नाहीत. मगरीला न्याय-अन्याय कळत नाही, आपल्याला कळतो. म्हणून जबाबदारी आपल्यावरच. पुन्हा सांगतो, मोल दोघांचं, जबाबदारी एकट्या माणसाची.

हे कायद्यातही उतरू लागलंय. इक्वाडोरनं २००८मध्ये निसर्गाचे हक्क राज्यघटनेत घातले. न्यूझीलंडनं २०१७मध्ये व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती मानलं. तिच्या वतीनं बोलायला दोन प्रतिनिधी, एक सरकारचा, एक तिथल्या मूळ रहिवासी माओरींचा.

'मग डासही मारायचा नाही का?' असं मला हमखास विचारतात. मारा. हल्ला झाला तर स्वतःला वाचवायचा हक्क असतोच, हल्लेखोर माणूस असला तरीही. पण पाणथळ जागा बुजवून तिथं वाहनतळ बांधणं, हा काही स्वतःचा बचाव नव्हे. तिथल्या बगळ्या-बेडकांनी आपल्यावर कोणता हल्ला केला होता?