माकडहाडाजवळचे केसांचे घरटे

आज ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे, ते घेऊन येणारा तरुण समोरच्या खुर्चीत नीट बसतच नाही. एका कुल्ल्यावर भार देऊन अवघडून टेकतो आणि ‘मूळव्याध असावी’ असे हळू आवाजात सांगतो. तपासल्यावर मूळव्याध नसते, भगंदरही नसते; माकडहाडाजवळ, दोन कुल्ल्यांमधल्या घळीत, सुईच्या टोकाएवढी एक-दोन छिद्रे असतात आणि एखाद्यातून केसांचा पुंजका डोकावत असतो. या विकाराला पिलोनिडल, म्हणजे लॅटिनमधून ‘केसांचे घरटे’, हे नाव बॉस्टनचे सर्जन हॉजेस यांनी १८८० मध्ये दिले.

हा जन्मजात दोष आहे, अशी समजूत पुढे दीर्घकाळ होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले हजारो जवान यामुळे इस्पितळात दाखल झाले आणि जीपमधल्या हादऱ्यांशी संबंध जोडून ‘जीपचा रोग’ हे नाव रूढ झाले. जन्मजात म्हटल्यावर तो मुळासकट काढायचा, म्हणून पार हाडावरच्या आवरणापर्यंत मांस कापले जाई, आणि तरीही रोग उलटे. १९४६ मध्ये पेटी आणि स्कार्फ या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी केस बाहेरून आत घुसतात, असे मांडले. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यातही असाच विकार होतो आणि तिथे रुतलेला केस गिऱ्हाइकाचा असतो, याहून बोलका पुरावा तो कोणता?

पू साठून ठणका लागला असेल, तर आधी चीर देऊन तो काढावा लागतो. मूळ शस्त्रक्रिया नंतर. त्यात रोगट भाग काढून जखम उघडी ठेवली, तर ती तळापासून भरायला कित्येक आठवडे लागतात आणि रोजच्या ड्रेसिंगने रुग्णाइतकीच घरची माणसेही थकतात. घळीच्या मधोमध टाके घातले, तर घाम, घर्षण आणि ताण यांनी तीच रेघ उसवते. ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांनी म्हणून टाक्यांची रेघ एका बाजूला सरकवली आणि घळ उथळ केली. हजारो रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण त्यांनी शंभरात एकाहून कमी नोंदवले. शेजारची कातडी वळवून आणणारा लिंबर्ग फ्लॅपही घळ सपाट करतो. किती मांस काढले यापेक्षा टाके कुठे आले, याला मी अधिक महत्त्व देतो. अगदी लहान, शांत विकाराला मात्र एवढी मोठी शस्त्रक्रिया लागत नाही.

जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी ठेवली असेल तर ती बहुधा काही दिवसांत निघते, टाके सुमारे दोन आठवड्यांनी. तोवर बराच वेळ बसणे टाळावे, आणि खड्ड्यांतून दुचाकी तर सर्जनने मोकळीक देईपर्यंत नकोच. उघड्या जखमेत गॉज ठासून भरू नये. ती हलक्या हाताने ठेवायची असते. जखम भरल्यावरही त्या भागातले केस काढत राहावे. आत सापडणारे केस पुष्कळदा डोक्याचे, कापून पाठीवरून घरंगळत आलेले असतात. तेव्हा न्हाव्याकडून आल्यावर कशालाही न शिवता थेट न्हाणीघरात जाण्याची आपल्याकडची जुनी शिस्त या रुग्णांनी तरी जरूर पाळावी.