भावाचा हिशेब स्क्रीनवर नको: अँग्युलरमधल्या सर्व्हिसेस

(नागपुरात वेब डेव्हलपरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘अंगभूत आणि स्वतः लिहिलेल्या सर्व्हिसेस’. सर्व्हिस म्हणजे अनेक स्क्रीनना लागणारं काम एका जागी ठेवणारा कोड. तुम्ही सगळे अँग्युलर, ही वेब ॲप बांधायची गुगलची चौकट, हाताळलेले आहात, तेव्हा कंट्रोलर म्हणजे एका स्क्रीनमागचा कोड, इथपासून सुरुवात करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्क्रीनचं काम दाखवणं. धंद्याचा हिशेब तिच्याकडे देऊ नका. हे मी भेटेल त्याला सांगतो, आज तुम्ही सापडलात.

संत्र्याच्या व्यापारासाठी केलेलं एक ॲप आमच्याकडे दुरुस्तीला आलं. अँग्युलरजेएसमधलं, म्हणजे अँग्युलरच्या जुन्या पिढीतलं. गुगलने त्याचा सपोर्ट 2021 संपताच थांबवला, पण ऐन आंबिया बहारात चालतं ॲप कोण बंद करणार? तक्रार भावाच्या बोर्डाची होती. तिथला मुनीम मला म्हणाला, “सर, बोर्डाले हात लावला का भाव बदलते जी.” मला वाटलं, टचस्क्रीनची भानगड असेल. पण तो अगदी बरोबर सांगत होता! (हसू नका. असं अचूक वर्णन आपले टेस्टरही करत नाहीत.)

कोड उघडला. भाव आणायला साधा सेटइंटरव्हल, म्हणजे ब्राउझरचा ठरावीक वेळाने चालणारा टायमर, आणि त्याच्या आत जेक्वेरी या लायब्ररीचा एजॅक्स कॉल, म्हणजे सर्व्हरला विनंती. नवा भाव येत होता, स्कोपमध्ये, म्हणजे स्क्रीन जिथून माहिती घेते तिथे, जाऊनही बसत होता. पण अँग्युलरजेएसला त्याचा पत्ताच नव्हता. स्कोपमध्ये काय बदललं हे ते ‘डायजेस्ट’ नावाच्या फेरीत तपासतं, आणि या दोन्ही गोष्टी ती फेरी सुरूच करत नाहीत. कोणी एनजी-क्लिकचं, म्हणजे अँग्युलरजेएसला जोडलेलं, बटण दाबलं की फेरी व्हायची आणि मघाशी आलेला भाव आत्ता दिसायचा. सर्व्हरला विनंती पाठवणारी डॉलर-एचटीटीपी, ठरावीक वेळाने चालणारी डॉलर-इंटरव्हल, थोड्या वेळाने एकदा चालणारी डॉलर-टाइमआउट या अंगभूत सर्व्हिसेस आहेत त्या यासाठीच. आपलं काम झालं की त्या फ्रेमवर्कला कळवतात. “ब्राउझरमध्ये आहेच की, मग हे कशाला,” असं विचारणाऱ्यांना मी हा बोर्ड दाखवतो.

बोर्ड सुधारला, पण खरं दुखणं पुढेच होतं. संत्र्याचा भाव बोलतात टनावर. समजा टनाला 28,650 रुपये आणि माल 840 किलो. बिलाच्या कंट्रोलरने किलोचा भाव 28.65 धरला, रक्कम 24,066. आवकेच्या कंट्रोलरने तोच भाव आधी 29 केला आणि मग गुणला, रक्कम 24,360. एका गाडीमागे 294 रुपयांचा फरक! ज्या शेतकऱ्याने एका स्क्रीनवर एक आकडा वाचला आणि हातात दुसराच कागद घेतला, त्याने कोणावर विश्वास ठेवायचा? मला याचा आजही संताप येतो. गणित दोघांनाही येत होतं. पण ते राहणार कुठे, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

डॉलर-एचटीटीपीला सर्व्हरचा पत्ता कळतो, टन आणि किलो कळत नाही. ते सांगणारी सर्व्हिस आपणच लिहायची. आम्ही ‘भावसेवा’ नावाची फॅक्टरी, म्हणजे सर्व्हिसची वस्तू बनवून देणारं फंक्शन, केली. ती आत डॉलर-एचटीटीपी आणि डॉलर-इंटरव्हल मागून घेते, बाहेर फक्त आजचा भाव आणि बिलाची रक्कम देते. पैसे पूर्णांकात आणायचे ते शेवटी, एकदाच. इंजेक्टर, म्हणजे मागेल त्याला सर्व्हिस पुरवणारा अँग्युलरचा भाग, ही वस्तू पहिल्यांदा मागितली तेव्हा बनवतो आणि पुढे सगळ्यांना तीच देतो. म्हणून टायमर एक, भाव एक. तोच टायमर कंट्रोलरमध्ये असता, तर स्क्रीन बदलल्यावर कंट्रोलर गेला असता आणि टायमर मागे चालूच राहिला असता. डिस्ट्रॉयच्या, म्हणजे कंट्रोलर जाण्याच्या, वेळी तो रद्द केला नाही, तर त्या स्क्रीनवर परत येण्यागणिक आणखी एक.

पाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं, आता भरभर.

सर्व्हिस की फॅक्टरी? सर्व्हिस नोंदवायच्या या दोन पद्धती. ‘सर्व्हिस’ पद्धत तुमचं फंक्शन ‘न्यू’ लावून, म्हणजे नवी वस्तू बनवत, चालवते, फॅक्टरी तुम्ही परत केलेली वस्तू देते. दोन्ही प्रोव्हायडरवरच, म्हणजे वस्तू कशी बनवायची ते सांगणाऱ्या कोडवरच, उभ्या आहेत. ॲप सुरू होण्याआधी सेटिंग बदलायचं असेल तरच थेट प्रोव्हायडर लिहा. कोड मिनिफाय, म्हणजे आकाराने लहान, करणार असाल, तर अवलंबनांची, म्हणजे मागून घ्यायच्या सर्व्हिसेसची, नावं ॲरेत, म्हणजे यादीत मजकूर म्हणून, द्या. नाहीतर ती आखडतात आणि इंजेक्टरला काही सापडत नाही.

नव्या अँग्युलरमध्ये सर्व्हिसवर लावायची इंजेक्टेबल ही खूण आहे. 2018 च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘प्रोव्हायडेड-इन रूट’ लिहिलं की ॲपभर एकच वस्तू. पण तीच सर्व्हिस कंपोनंटच्या, म्हणजे स्क्रीनच्या एका तुकड्याच्या, प्रोव्हायडर्समध्ये लिहिलीत, तर त्या कंपोनंटच्या प्रत्येक प्रतीला वेगळी वस्तू मिळते. मग दोन बोर्ड, दोन भाव, पुन्हा तीच भांडणं. डॉलर-एचटीटीपीच्या जागी आलेला एचटीटीपी-क्लायंट प्रॉमिस, म्हणजे एकदाच येणारं उत्तर, देत नाही, ऑब्झर्व्हेबल, म्हणजे ऐकत राहायचा प्रवाह, देतो, आणि प्रत्येक सबस्क्राइबला, म्हणजे कोणी ऐकायला बसलं की, नवी विनंती जाते. भाव वाटून घ्यायचा तर आलेलं उत्तर सगळ्यांना देणारा शेअर-रिप्ले सर्व्हिसमध्येच लावा.

टेस्टिंग राहिलंच, आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. भावसेवा वेगळी केल्यावर 28,650 आणि 840 हे आकडे देऊन 24,066 येतात का, हे सर्व्हरशिवाय तपासता येतं. सर्व्हरऐवजी ठरवलेलं उत्तर द्यायला जुन्यात एनजीमॉक या टेस्टिंगच्या मॉड्यूलचा डॉलर-एचटीटीपी-बॅकएंड, नव्यात एचटीटीपी-टेस्टिंग-कंट्रोलर. लॅपटॉप आणलेल्यांनी चहाला उठण्याआधी आपापल्या कंपोनंटच्या फायलींमध्ये ‘एचटीटीपी’ शोधा. जिथे सापडेल, तिथलीच फाईल घेऊन माझ्याकडे या, आपण ती इथेच सर्व्हिसमध्ये हलवू.