निबंधातले उदाहरण कोठून आणावे?

विद्यार्थिमित्रहो आणि पालकहो, बडोद्यातून अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करणाऱ्या मुलांचे सरावाचे निबंध वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते: विषय कोणताही असो, उदाहरणे गांधीजींची आणि एडिसनचीच. माझी तक्रार या थोर नावांविषयी नाही. त्यांच्याविषयी विद्यार्थ्याजवळ दोन वाक्यांपलीकडे सांगण्यासारखे काहीच नसते, ही खरी अडचण आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेत २००५ साली आलेला निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून गेला. तशाच दुसऱ्या प्रवेशपरीक्षेत, एसीटीत, ऐच्छिक लेखनविभाग मात्र आहे. त्यात एक सार्वजनिक प्रश्न आणि त्याकडे पाहण्याच्या तीन भूमिका देतात व चाळीस मिनिटांत आपली भूमिका मांडायची असते. मुद्द्याचा विस्तार आणि त्याला दिलेला आधार हा गुणांकनाच्या चार निकषांपैकी एक आहे, म्हणून नुसता नामोल्लेख तेथे उपयोगी पडत नाही.

समजा, सार्वजनिक हितासाठी व्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा घालावी का, असा प्रश्न आला. आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तसा कायदा राज्यभर लागू केला आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. हा दंडच तुमच्या निबंधाचा गाभा आहे. ज्या घरात मुलाच्या हातांवाचून शेतीचे काम अडते, त्या घराला ही सक्ती जाचणारच. ते मान्य करूनच, शिक्षण मोफत दिल्यामुळे राज्याला सक्तीचा अधिकार मिळतो का, याचा विचार करता येतो. ज्या उदाहरणाच्या पोटातच विरोधी बाजू असते, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. परीक्षकाला बडोदे ठाऊक नसेल, म्हणून ‘पश्चिम भारतातील एका संस्थानाचे राजे’ एवढी ओळख द्यावी. चरित्र सांगत बसू नये.

मात्र हेच उदाहरण प्रत्येक विषयाला ओढूनताणून लावू नये. एसीटीच्या नमुना प्रश्नांत बुद्धिमान यंत्रांविषयीचा एक आहे. त्यासाठी बँकेतले पासबुक छापणारे यंत्र आठवावे: रांग कमी झाली हे खरे, पण पूर्वी खिडकीपलीकडचा कारकून ‘आजी, व्याज जमा झाले आहे’ असे सांगत असे आणि आता तीच आजी छापलेल्या ओळी वाचून दाखवायला कोणी भेटते का, हे पाहत उभी राहते. एवढे लिहून थांबू नका. या प्रसंगाने दिलेल्या तीन भूमिकांपैकी कोणती बळकट होते, कोणती अपुरी ठरते आणि का, हे पुढच्याच वाक्यात सांगा.