गुदगुल्या आणि कानातले आवाज

श्रोतेहो, नमस्कार. आत्ता बसल्याबसल्या स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून पाहा. हसू येत नाही ना? तेच दुसऱ्या कुणी केलं तर पाय चटकन आखडतो.

बोटांना हुकूम सोडतानाच मेंदू त्याची एक नक्कल स्पर्श ओळखणाऱ्या भागांकडे धाडतो. ‘हे आपलंच आहे’ एवढीच वर्दी. १९५० साली जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी माशीवर, तर अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी माशावर प्रयोग करून ही कल्पना मांडली.

बोलतानाही तसंच. आपलाच आवाज ऐकताना मेंदूच्या श्रवणकेंद्रातली विद्युतलहर जरा दबते. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात अनेकांना कुणी बोलत नसतानाही आवाज ऐकू येतात. ज्युडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलॉन या संशोधकांना अशा रुग्णांत हे दबणं कमी आढळलं. आणि २००० साली लंडनमधल्या संशोधकांना दिसलं, की भास होणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्शही परक्याच्या स्पर्शाइतकाच गुदगुल्या करणारा वाटतो.

आता विचार करा. आपण दिवसभर मनात बोलतो. ‘गॅस बंद केला का?’ ‘तुला काही जमत नाही!’ ती वर्दी वाटेतच हरवली, तर हेच वाक्य परक्याचं होऊन कानावर आदळेल. १९९३ साली लंडनमध्ये रुग्णांना आवाज ऐकू येत असतानाच त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा बोलणं घडवणारा ब्रोकाचा भाग जागा झालेला दिसला. मला हा पुरावा फार बोलका वाटतो.

एवढ्यानं सगळा आजार उलगडतो असं नाही. गप्प होणं, अंघोळीचाही कंटाळा, कशातच रस न उरणं, यांची उत्तरं इथे नाहीत. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा वाटा आहे. किशोरवयात मेंदूतल्या जोडण्यांची छाटणी होते, तिचाही असावा.

असे आवाज ऐकणाऱ्या मुलाच्या आईनं मला विचारलं होतं, “बाहेरचं काही नसेल ना हो?” नाही, ताई. बाहेरचं काही नाही, आणि मुलगा नाटकही करत नाही. त्याला खरोखर ऐकू येतं. ‘कुठाय आवाज?’ म्हणून त्याच्यावर डाफरू नका. आवाज काय म्हणतो, त्याची भीती वाटते का, ते शांतपणे विचारा आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. कुणाला विचारावं कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फिरवा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.