आधी वेळापत्रक, मग आकडे: समाजमाध्यमांची साधने निवडताना

(लहान प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दरूप)

उपस्थित प्रकाशक, संपादक आणि मित्रहो,

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि यूट्यूबवरच्या पोस्टसाठी बफर घ्यावे, हूटसूट घ्यावे, झोहो सोशल घ्यावे की स्प्राउट सोशल, असा प्रश्न आपण मला विचारला आहे. एखादे नाव सांगून मी मोकळा होऊ शकतो, पण ते तुमच्या कामी येणार नाही. कारण ही साधने एकाच नावाखाली विकली जात असली, तरी त्यांच्यात दोन अगदी वेगळी कामे एकत्र आलेली आहेत. पोस्ट आधी तयार ठेवून ठरलेल्या वेळी आपोआप प्रसिद्ध करणे हे पहिले काम, आणि प्रसिद्ध झालेल्या पोस्टचे पुढे काय झाले याचे आकडे गोळा करून मांडणे हे दुसरे. पहिल्याची गरज इथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आहे. दुसऱ्यावर पैसे घालण्याची गरज फार थोड्यांना आहे, आणि ती कोणाला आहे हे ओळखण्याची माझी कसोटी एकच आहे: अमुक आकडा असा आला तर पुढच्या महिन्यात आम्ही अमुक बदलू, हे आकडा पाहण्याच्या आधीच तुम्हाला सांगता आले पाहिजे.

निवड करण्यापूर्वी या साधनांचे पाय कशावर उभे आहेत ते नीट समजून घ्या. यांपैकी कोणत्याही कंपनीकडे स्वतःचा वाचक नाही. मूळ माध्यमाने एपीआयच्या, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या, दारातून जेवढे आत येऊ दिले, तेवढेच तिला करता येते, आणि ते दार केव्हाही अरुंद होते. ऑगस्ट २०१८ पासून बाहेरच्या साधनांना फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर परस्पर पोस्ट टाकता येत नाही. २०२३ च्या सुरुवातीला ट्विटरने (आताच्या एक्सने) आपल्या एपीआयचा मोफत वापर आवळला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्वीटडेक हे त्याचे स्वतःचे पोस्ट सांभाळण्याचे साधन पैसे भरणाऱ्यांपुरते राहिले. एप्रिल २०२४ मध्ये फेसबुकने ग्रुपसाठीचा एपीआय बंद केला. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीचा तुमच्या व्यवसायाशी थेट संबंध आहे. आपल्याकडे कितीतरी अंकांची चर्चा प्रकाशनाच्या पेजवर होतच नाही. ती संपादकाच्या वैयक्तिक भिंतीवर आणि वाचकांच्या ग्रुपमध्ये होते. या दोन्ही ठिकाणी कितीही महागडे साधन घेतले तरी पोस्ट हातानेच टाकावी लागणार आहे. म्हणून आधी आपला वाचक नेमका कुठे भेटतो ते कागदावर लिहा आणि त्यांपैकी किती ठिकाणी साधनाचा हात पोचतो ते पाहा. निम्मी ठिकाणे याद्यांतून तिथेच गळून पडतात, आणि खर्चाचा अंदाजही बदलतो.

आता वेळापत्रकाविषयी. फक्त फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम सांभाळायचे असेल, तर दोन्हींची मालक कंपनी असलेल्या मेटाचे मेटा बिझनेस सूट मोफत आहे आणि पुरेसे आहे. यूट्यूबचे व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतूनच पुढच्या तारखेला लावता येतात. तीन-चार माध्यमांवर एकच मजकूर थोडाथोडा बदलून टाकायचा असेल, तेव्हा बाहेरच्या साधनाचा खरा उपयोग सुरू होतो. बफरच्या मोफत योजनेत तीन खाती आणि प्रत्येक खात्यासाठी एका वेळी दहा पोस्ट रांगेत ठेवता येतात. वर्षाला मोजकी पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाला एवढ्यात निभावता येते. हूटसूटनेही अनेक वर्षे मोफत योजना चालवली, पण मार्च २०२३ मध्ये ती बंद केली. मोफत योजनेवर आपली सगळी घडी बसवू नये, एवढे त्यावरून लक्षात ठेवावे. झोहो ही चेन्नईची कंपनी असल्याने तिचे बिल रुपयांत येते, आणि ही सोय वाटते तितकी किरकोळ नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनंतर कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या कपातीला आधी मंजुरी नोंदवावी लागते, आणि परदेशी सेवांची अशी कपात अडली तर ऐन हंगामात खाते थांबते.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. पहिली देवनागरीची. एक्सवर साध्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा असते, पण यंत्र आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. काना, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येक खूण ते वेगळी धरते. ‘महाराष्ट्र’ हा आपल्या लेखी चार अक्षरांचा शब्द तिथे दहा जागा खातो. जोडाक्षरांनी भरलेली समीक्षकाची दोन वाक्ये घेऊन ती साधनाच्या रकान्यात चिकटवा, आणि मर्यादा ओलांडल्याचे ते वेळीच सांगते की प्रसिद्धीच्या क्षणी पोस्ट नापास होते, ते तपासा. दुसरी गोष्ट रांग थांबवण्याची. ६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी लता मंगेशकर गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. अशा दिवशी आधी लावून ठेवलेली ‘आज खास सवलत’ ही पोस्ट सकाळी अकरा वाजता निमूटपणे प्रसिद्ध होते, कारण यंत्राला बातमी कळत नाही. सगळी रांग एका बटणाने, तीही मोबाइलवरून, थांबवता येते का, आणि ते बटण कोठे आहे हे कार्यालयातल्या किमान दोघांना माहीत आहे का, हे मी कोणत्याही सुंदर आलेखापेक्षा महत्त्वाचे मानतो.

विश्लेषणाकडे वळताना मी अधिक सावध होतो, कारण तिथे आकडे स्वच्छ दिसतात आणि त्यामागच्या व्याख्या दिसत नाहीत. व्हिडिओ ‘पाहिला’ म्हणजे काय, याचे प्रत्येक माध्यमाचे उत्तर वेगळे आहे आणि ते बदलतही असते. मार्च २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान वेळेची अट उरलेली नाही. फेसबुकने तर २०१६ मध्ये मान्य केले की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ त्यांनी फुगवून दाखवला होता, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहणाऱ्यांना त्या हिशेबातून वगळले गेले होते. विश्लेषणाचे साधन हे सगळे आकडे एका पडद्यावर शेजारी शेजारी मांडते, त्यांची बेरीजही करून देते, आणि ती बेरीज कशाचीच नसते. एका माध्यमाची तुलना त्याच माध्यमाशी करावी. दोन माध्यमांची आपसात करू नये.

आपल्या व्यवसायात याहून घातक चूक तारखांची होते. साधन आपणहून ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना’ दाखवते. आता पाहा, लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. तेव्हा दिवाळी अंकाच्या प्रकाशकाने २०२५ चा ऑक्टोबर आधीच्या ऑक्टोबरशेजारी ठेवला तर वाढ झाल्यासारखी दिसेल, आणि नोव्हेंबरमध्ये सगळे कोसळल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात पंचांगाखेरीज काहीही बदललेले नसेल. म्हणून तुलनेचा कालावधी हाताने ठरवू देणारे साधनच घ्या आणि लक्ष्मीपूजनापूर्वीचे चाळीस दिवस विरुद्ध लक्ष्मीपूजनापूर्वीचे चाळीस दिवस असे मोजा. ही सोय नसेल तर आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेतलेले बरे.

विश्लेषणाच्या साधनाला पैसे देणे मला रास्त वाटते ते सातत्यासाठी. इन्स्टाग्राम स्टोरीचे आकडे बाहेरच्या साधनाला चोवीस तासांच्या आतच उचलावे लागतात. त्या वेळी साधन जोडलेले नसेल तर मागाहून ते मिळवता येत नाहीत. तुम्ही रोज स्टोरी टाकत असाल आणि कोणत्या लेखकाच्या स्टोरीवर वाचक थांबतो यावरून पुढचा कार्यक्रम ठरवत असाल, तर ही नोंद पैसे मोजून ठेवण्याजोगी आहे. स्प्राउट सोशलसारखी साधने मात्र वापरणाऱ्या माणसागणिक दर लावतात आणि तो दरमहा शंभर डॉलरच्या वर जातो. अनेक ग्राहकांना अहवाल देणाऱ्या जाहिरात संस्थेला ते परवडते. चार माणसांच्या प्रकाशनाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी विक्रीशी जोडलेला एकच आकडा धरा. मुखपृष्ठाच्या पोस्टमध्ये एक दुवा द्या, लेखकाच्या मुलाखतीच्या पोस्टमध्ये दुसरा, आणि दोन्हींना वेगवेगळ्या यूटीएम खुणा, म्हणजे वाचक कोठून आला हे सांगणारे दुव्याच्या शेवटी जोडलेले शब्द, लावा. तुमच्या संकेतस्थळावर गूगल ॲनालिटिक्स हे भेटी मोजणारे साधन बसवलेले असेल आणि त्यात विक्रीची नोंद होत असेल, तर कोणत्या दुव्यावरून आलेल्या वाचकाने अंक विकत घेतला हे तिथे मोफत दिसते. मुलाखतीला लाइक कमी आणि मागणी जास्त, असे निघाले तर पुढच्या हंगामात मुलाखती वाढवायच्या. निर्णय तिथेच होतो. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या दुव्याला तिसरी खूण लावायला विसरू नका, कारण अंकांच्या मागणीचा मोठा भाग तिथून येतो आणि खूण नसली तर तो ‘थेट आलेला वाचक’ म्हणून मोजला जातो.

शेवटी व्यवहाराचे. वार्षिक सवलत मोठी दिसली तरी पहिला हंगाम महिन्याच्या बोलीवर काढा. चाचणीच्या काळातच सर्व आकडे फाइलमध्ये उतरवता येतात का ते करून पाहा. करार संपल्यावर ही सोय बहुधा उरत नाही. क्राउडटँगल हे समाजमाध्यमांवरच्या पोस्ट कशा पसरतात ते दाखवणारे, पत्रकारांचे आणि संशोधकांचे आवडते साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले, तेव्हा ज्यांनी आकडे आपल्याकडे उतरवून ठेवले होते त्यांच्याच हाती काही राहिले. खाते उघडताना संस्थेचा ईमेल वापरा, मदतीला येणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा नव्हे. पेजचे अधिकार संस्थेतल्या दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवा आणि बाहेरच्या माणसाला फक्त पोस्ट लिहिण्यापुरती परवानगी द्या, म्हणजे त्याचे काम संपल्या दिवशी पासवर्ड न बदलता ती काढून घेता येते.