स्लीव्हमोर: डोंगराचं नाव, वरंब्यांची जमीन

(दृश्य: तिरपं ऊन, डोंगराचा दक्षिण उतार)

फणीनं विंचरावं तशा या रेघा बटाट्याच्या गादीवाफ्यांच्या आहेत. लागवड कधीच थांबली, पण गवताखाली सरी-वरंबे शाबूत आहेत.

आयर्लंडच्या मेयो काउंटीतलं अकिल बेट. इथल्या स्लीव्हमोर या टाउनलँडला, म्हणजे आपल्या मौज्यासारख्या जमिनीच्या तुकड्याला, 671 मीटर उंच डोंगराचंच नाव आहे. आयरिशमध्ये ‘श्लीअव’ म्हणजे डोंगर, ‘मोर’ म्हणजे मोठा. उतारावरच्या तीन वाड्याही अशाच बोलक्या: तूअर म्हणजे कुरण, तूअर रीअवख म्हणजे करडं, पट्टेरी कुरण आणि फाहा म्हणजे हिरवळ. 1830च्या दशकात मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे झाले, तेव्हा आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओ’डोनव्हन गावकऱ्यांच्या तोंडून नावं ऐकून मूळ आयरिश रूपं टिपत. नकाशावर छापलं गेलं इंग्रजी वळणाचं स्पेलिंग. त्यात उच्चार कसाबसा उरला, अर्थ गेला. तो परत द्यायलाच हवा.

(दृश्य: वरंब्याचा जवळून शॉट)

वाफा करताना मधला पट्टा नांगरायचा नाही. गवतावर समुद्री शेवाळाचं खत पसरायचं, त्यावर डोळा असलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवायच्या. मग दोन्ही बाजूंची ढेकळं अरुंद, लांब फाळाच्या ‘लॉय’ नावाच्या फावड्यानं उलटून, गवताला गवत लावून, फोडींवर झाकायची. कोंब वर आले की सरीतली माती पुन्हा चढवायची. वाफे उताराच्या दिशेनंच हवेत, कारण सरी हाच पाण्याचा निचरा. ती तुंबली की बटाटे जमिनीतच सडतात.

(दृश्य: घरांची रांग, मग भिंतीतली कडी)

वाफ्यांच्या वरच्या अंगाला जुन्या वाटेलगत 80 ते 100 घरं. चुना नाही, नुसता दगडावर दगड. छपरं गेली, भिंती उभ्या. भिंतीतल्या या कड्यांना गुरं बांधत. माणसं आणि गुरं एकाच खोलीत, म्हणून गुरांच्या बाजूला मोरी काढलेली.

1845ला बटाट्यावर करपा आला. उपासमार, बेदखली, स्थलांतर.

उरलेले लोक खाली समुद्रकाठच्या डूआ गावी गेले. तरी विसाव्या शतकातही उन्हाळ्यात गुरं घेऊन ते याच घरांत राहायला येत. या मुक्कामाला आयरिश शब्द आहे ‘बूल्या’.