सात मिनिटांची ‘लैला’

(दृश्य : अपोलो बंदर, सकाळ. कॅमेरा ताजच्या दगडी भिंतीवरून वर सरकतो.)

सप्टेंबर १९६६. बीटल्स या ब्रिटिश बँडमधला जॉर्ज हॅरिसन ताजमध्ये उतरलाय, ‘सॅम वेल्स’ या खोट्या नावानं. पंडित रविशंकरांकडे सतार शिकायची आहे. सोबत बायको, पॅटी बॉइड. बातमी फुटते, चाहत्यांची झुंबड उडते आणि मंडळी काश्मीर गाठतात. तेव्हा सगळ्यांच्या नजरा जॉर्जवर होत्या. आपण पॅटीकडे बघू.

चार वर्षांनी जॉर्जचा जिवलग मित्र, गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टन, या मित्राच्याच बायकोसाठी गाणं करतो. मायामीच्या स्टुडिओत, डेरेक अँड द डॉमिनोज या बँडबरोबर. नाव ‘लैला’, बाराव्या शतकातल्या निजामीच्या फारसी काव्यातून घेतलेलं. त्या काव्यात लैलाही झुरते, पत्रं लिहिते. या गाण्यात तिच्या वाट्याला एक ओळ नाही.

(दृश्य : दादरचा गिटार क्लास. एक मुलगी सुरुवातीची सुरावट वाजवते, अडखळते, पुन्हा धरते.)

ही सुरावट डी मायनर या स्वरपट्टीतली. ती नुसती मारा करते, श्वास घेऊ देत नाही. मग कडवं लागतं आणि गाणं अर्धा स्वर खाली उतरतं, सी शार्प मायनरमध्ये. आवाज समजुतीचा होतो. पण शब्द ऐका : तू एकटी पडशील, तेव्हा काय करशील? ही विनवणी कमी आणि धाक जास्त. लगेच स्वर पुन्हा वर चढतो आणि गाणारा गुडघ्यांवर येतो. आधी समजूत, मग धाक, मग पाया पडणं. दुसरा गिटारवादक ड्युएन ऑलमन याची स्लाइड गिटार, तारांवर नळी घसरवत वाजवलेली, मध्येच किंचाळते. ते तिचं उत्तर असेल असं क्षणभर वाटतं. पण नाही, तो त्याचाच दुसरा गळा.

तीनेक मिनिटांनी शब्द संपतात. पियानो येतो, शांत, मोकळा, आणि निम्म्याहून जास्त गाणं त्याच्यावरच चालतं. पुष्कळांना इथे मीलन ऐकू येतं. मला नाही. ड्रमर जिम गॉर्डन वाजवत असलेली ही वेगळीच धून क्लॅप्टनला आवडली आणि ती नंतर जोडली गेली. तो सांधा ऐकू येतो. गाण्यातलं भांडण मिटलेलं नाही, नुसतं थांबलंय.

पॅटीनं २००७ साली आत्मचरित्रात लिहिलंय : क्लॅप्टननं टेप लावली, दोन-तीनदा ऐकवली आणि सगळा वेळ तिचा चेहरा न्याहाळला. गाणं तिला फार भिडलं. पण मनात पहिला विचार आला तो हा, की आता सगळ्यांना कळणार. गिरगावच्या चाळीत कुणी भर गॅलरीत उभं राहून असं गायलं असतं, तर गाण्याचं कौतुक मागाहून. आधी चर्चा तिची.

तेव्हा तिनं नकार दिला. तो हेरॉइनमध्ये बुडाला. १९७७ मध्ये ती जॉर्जपासून कायद्यानं वेगळी झाली, १९७९ मध्ये क्लॅप्टनशी लग्न. मजनूला लैला मिळाली म्हणायची. मग त्याची दारू, इतर बायका आणि दहाएक वर्षांत घटस्फोट.

(आवाज : अकूस्टिक गिटार, संथ ठेका.)

१९९२ मध्ये क्लॅप्टननं तेच गाणं खुर्चीत बसून, आरामात गायलं. त्याला ग्रॅमीही मिळालं. ऐकायला छान आहे, रात्री मरीन ड्राइव्हवर गाडीत तर फारच छान. मारा गेला, किंचाळी गेली, शेवटची पियानोची धूनही गेली. धाकाचे शब्द मात्र तसेच आहेत, आणि ठेका इतका गोड की ते आता कुणाच्या लक्षातही येत नाहीत.